तोफ डागणं आणि नेम धरणं

निवडणुकीच्या दिवसांत कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा, रणधुमाळी सुरू झालेली असते. कुणी कुणावर तोफ डागतं, कुणाच्या बालेकिल्ल्याला खिंडार पडतं, कुणी शड्डू ठोकून आखाड्यात उतरतं आणि निकालाच्या दिवशी कुणाचं तरी पानिपत होतं. हे वाचताना वाचकाच्या डोळ्यांपुढे रक्त येत नाही. सत्तेची चढाओढ सांगायला युद्धाचे आणि कुस्तीचे शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो आहोत, आणि वापरून वापरून त्यांची धार गेली आहे. ते सगळे काढून टाकले तर राजकारणावर चार वाक्यं लिहिणं अवघड होईल. त्यामुळे राजकीय भाषेतून युद्धाचे शब्द हद्दपार करावेत, असं मला अजिबात वाटत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्या रूपकांची. एखाद्या माणसाच्या नावावर नेम धरणारी, एखाद्या समाजाला कीड ठरवणारी, रोज संध्याकाळी ऐकवून ऐकवून अंगवळणी पाडलेली रूपकं. त्यांनी खरोखर काय होतं, कायद्याचा हात तिथवर पोचतो का आणि स्टुडिओत किंवा स्तंभात बोलणाऱ्याच्या वाट्याला कोणती जबाबदारी उरते, हे समजून घ्यायला एक अमेरिकन प्रकरण मुळापासून पाहू. दोन्ही बाजूंच्या लोकांना त्यात अडचणीचं काहीतरी सापडतं, म्हणूनच ते निवडलं.

मार्च २०१०. बराक ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा अमेरिकी संसदेत अटीतटीने मंजूर झाला होता. दोन वर्षांपूर्वी उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांच्या राजकीय समितीने फेसबुकवर देशाचा एक नकाशा टाकला. ज्यांनी कायद्याच्या बाजूने मत दिलं अशा डेमोक्रॅटिक खासदारांचे २० मतदारसंघ त्यावर दाखवले होते. प्रत्येक मतदारसंघावर खूण होती ती बंदुकीच्या दुर्बिणीतून दिसते तशी, वर्तुळ आणि त्यात अधिकचं चिन्ह. खाली खासदारांची नावं होती. त्याच सुमारास पेलिन यांनी ट्विटरवर समर्थकांना सांगितलं, की माघार घेऊ नका, पुन्हा गोळ्या भरा.

त्या नावांत अ‍ॅरिझोनाच्या गॅबी गिफर्ड्स होत्या. कायद्यावर मतदान झाल्यानंतर काही तासांतच त्यांच्या टूसॉनच्या कार्यालयाची काच कुणीतरी फोडली होती. त्यानंतर दिलेल्या टीव्ही मुलाखतीत त्या म्हणाल्या, की आमच्या मतदारसंघावर बंदुकीचा नेम धरलेला दाखवला आहे आणि असं करणाऱ्यांनी त्याचे परिणाम होतात हे ध्यानात घ्यायला हवं. जूनमध्ये त्यांच्या जागेवर डोळा असलेल्या एका रिपब्लिकन इच्छुकाने प्रचाराचा कार्यक्रम ठेवला. जाहिरातीत लिहिलं होतं, की गिफर्ड्स यांना पदावरून हटवायला मदत करा आणि उमेदवारासोबत एम-१६ रायफल चालवा. नोव्हेंबरात गिफर्ड्स थोडक्या मतांनी पुन्हा निवडून आल्या.

८ जानेवारी २०११ला, शनिवारी सकाळी, टूसॉनजवळच्या एका सुपरमार्केटच्या दारात त्या मतदारांना भेटत होत्या. एका २२ वर्षांच्या तरुणाने जवळ येऊन त्यांच्या डोक्यात गोळी घातली आणि मग गर्दीवर गोळीबार केला. सहा माणसं मेली. त्यांत एक न्यायाधीश होते आणि नऊ वर्षांची एक मुलगी होती. गिफर्ड्स धरून १३ जण जखमी झाले. त्या वाचल्या, पण त्यांची संसदीय कारकीर्द संपली.

बातमी येताच नकाशाची आठवण निघाली. काही तासांच्या आत स्तंभलेखक आणि टीव्हीवरचे भाष्यकार सांगू लागले, की ही त्या नकाशाची आणि त्या भाषेची फळं. पेलिन यांच्या बाजूने उत्तर आलं, की ती खूण बंदुकीची नव्हतीच, जमीन मोजणाऱ्यांची होती. हे उत्तर टिकणारं नव्हतं, कारण दोनच महिन्यांपूर्वी स्वतः पेलिन यांनी त्या खुणेला नेमबाजीच्या लक्ष्याचंच नाव दिलं होतं.

आता दुसरी बाजू. तपासात त्या तरुणाच्या तिजोरीत गिफर्ड्स यांच्या कार्यालयाकडून आलेलं २००७ सालचं एक पत्र सापडलं. त्यांच्या एका कार्यक्रमाला आल्याबद्दल आभाराचं. शेजारी एक पाकीट होतं, त्यावर त्याच्या हस्ताक्षरात गिफर्ड्स यांचं नाव आणि हत्येचा बेत. त्याचा राग नकाशाच्या कितीतरी आधीचा होता. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं. त्याने तो नकाशा पाहिला होता याचा पुरावा कधीच मिळाला नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये त्याला जन्मठेप झाली.

तरीही जून २०१७मध्ये, व्हर्जिनियात बेसबॉलचा सराव करणाऱ्या रिपब्लिकन खासदारांवर गोळीबार झाला तेव्हा, न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखाने लिहिलं की टूसॉनच्या घटनेत राजकीय चिथावणीचा दुवा स्पष्ट होता. तसा दुवा कधी सिद्धच झाला नव्हता. चूक लक्षात आल्यावर वर्तमानपत्राने लगेच दुरुस्ती छापली, पण पेलिन यांनी बदनामीचा दावा लावला. २०२२मध्ये त्या हरल्या, २०२४मध्ये अपील कोर्टाने फेरसुनावणी लावली, एप्रिल २०२५मध्ये ज्यूरीने पुन्हा वर्तमानपत्राच्या बाजूने कौल दिला. तिथल्या कायद्यात सार्वजनिक व्यक्तीला बदनामी सिद्ध करायची तर समोरच्याने जाणूनबुजून किंवा सत्याची पर्वा न करता खोटं छापलं हे दाखवावं लागतं. निव्वळ घाईतली चूक त्यात बसत नाही. कोर्टात सुटका झाली म्हणून मजकूर खरा ठरत नाही, हेही इथे म्हणून ठेवायला हवं.

इथे बहुतेक जण दोनपैकी एका टोकाला जातात. एक टोक म्हणतं, दुवा सिद्ध झाला नाही, म्हणजे नकाशा निर्दोष. दुसरं म्हणतं, दुवा असणारच, तुम्हाला सापडला नाही इतकंच. दोघंही घटना घडून गेल्यानंतरचा प्रश्न विचारतात, की या शब्दाने ही गोळी सुटली का. हा प्रश्न पोलिसांचा आणि न्यायालयाचा आहे. बोलणाऱ्याचा प्रश्न त्याच्या आधीचा असतो: हे वाक्य लाखो लोकांपर्यंत जाणार, त्या लाखोंत कोण कोण बसलं आहे, आणि त्यांतल्या सगळ्यात बिथरलेल्या माणसाला मी काय ऐकवतो आहे? गिफर्ड्स मार्चमध्ये जे म्हणाल्या त्याचा अर्थ एवढाच होता. तेव्हा कुणावरही गोळी झाडली गेली नव्हती, आणि त्यांचं म्हणणं तेव्हाच बरोबर होतं. जानेवारीतल्या घटनेने ते जास्त बरोबर ठरलं नाही, आणि तपासातून दुवा न निघाल्याने चूकही ठरलं नाही.

बिथरलेल्या माणसाचा मुद्दा मी हवेतून काढलेला नाही. नेथन कालमो या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी फार उपयोगी आहे. लोकांना दोन प्रकारच्या राजकीय जाहिराती दाखवल्या. एकीत साधे शब्द, दुसरीत तोच आशय ‘लढू’, ‘झुंजू’ अशा सौम्य लढाऊ शब्दांत. मग विचारलं, राजकीय नेत्यांविरुद्ध हिंसा तुम्हाला कितपत मान्य आहे? सगळे प्रेक्षक एकत्र धरले तर फरक जवळजवळ दिसत नाही. पण ज्यांचा स्वभाव मुळातच रोजच्या आयुष्यात भांडखोर, हात उगारणारा आहे, त्यांच्यात हिंसेला पाठिंबा वाढलेला दिसला. शांत स्वभावाच्या माणसांवर तसा परिणाम झाला नाही. स्टुडिओत बसलेल्या शहाण्यासुरत्या माणसाला म्हणूनच मनापासून वाटतं की आपल्या बोलण्याने काही होत नाही. त्याच्यावर आणि त्याच्या ओळखीतल्या लोकांवर खरंच काही होत नसतं. परिणाम होतो तो त्याला कधीच न भेटणाऱ्या माणसांवर.

अर्थात रूपक एकटं कुणाला खुनी बनवत नाही. आजार, घरातली कोंडी, बेकारी, हत्यार सहज मिळणं, सोबतीची माणसं, अशी अनेक कारणं एकत्र यावी लागतात. शब्दांचा वाटा त्यात लहान असतो. पण श्रोते कोटीभर असतील तर लहान वाटासुद्धा किती माणसांपर्यंत पोचतो, याचा विचार करायला हवा.

हे प्रमाण कुठवर जाऊ शकतं ते रवांडात दिसलं. जुलै १९९३मध्ये तिथे आरटीएलएम नावाचं खासगी रेडिओ केंद्र सुरू झालं. सरकारी रेडिओ कंटाळवाणा होता. हे लोक गाणी लावायचे, विनोद करायचे, श्रोत्यांशी बोलीत गप्पा मारायचे, त्यामुळे ते चटकन लोकप्रिय झालं. त्या गप्पांतच तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजासाठी ‘इन्येन्झी’ म्हणजे झुरळं हा शब्द सर्रास येऊ लागला. आधी तो बंडखोर लढवय्यांपुरता होता, मग हळूहळू शेजारच्या घरातला शिक्षक आणि त्याची मुलंही त्यात आली. ६ एप्रिल १९९४च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि कत्तल सुरू झाली. पुढच्या सुमारे १०० दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं मारली गेली. त्या काळात हेच केंद्र माणसांची नावं, लपण्याची ठिकाणं, गाड्यांचे नंबर वाचून दाखवत होतं. ठार मारण्याला ‘काम’ म्हणत होतं.

रेडिओमुळेच सगळं झालं, असं मात्र अभ्यासक म्हणत नाहीत. रेडिओच्या लहरी कोणत्या गावांपर्यंत पोचत होत्या आणि कोणत्या गावांपर्यंत डोंगरांमुळे पोचत नव्हत्या याची तुलना करून एका अर्थशास्त्रज्ञाने हिंसेतला रेडिओचा वाटा सुमारे १० टक्के काढला. बाकीचं काम सैन्याने, टोळ्यांनी, गावातल्या दबावाने केलं. इतकी मोठी कत्तल असेल तर तिचा दहावा हिस्साही छातीत धडकी भरवतो.

या प्रकरणाच्या निकालातली एक बाब फारशी कुणी सांगत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ३ डिसेंबर २००३ रोजी केंद्राच्या संस्थापकांना आणि कांगुरा या वर्तमानपत्राच्या संपादकाला दोषी ठरवलं. न्यायमूर्ती नवी पिल्ले यांनी संस्थापक फर्डिनांड नाहिमाना यांना सुनावलं, की हातात बंदूक वा सुरा न घेता तुम्ही हजारो निरपराधांच्या मृत्यूला कारण झालात. पण २००७मध्ये अपिलात बरेच आरोप गळाले, शिक्षा कमी झाल्या. अपील पीठ म्हणालं, की जानेवारी १९९४ ते ६ एप्रिल या काळातल्या प्रसारणाने वांशिक द्वेष चेतवला हे खरं, पण ती वंशसंहाराची थेट चिथावणी होती हे सिद्ध होत नाही. थेट चिथावणी ठरली ती कत्तल सुरू झाल्यानंतरची.

म्हणजे झुरळं, झुरळं म्हणत घालवलेले ते महिने कायद्याच्या हाताला लागले नाहीत. आणि शेजाऱ्याला माणूस न समजण्याची सवय लागली ती त्याच महिन्यांत.

मग कायदाच कडक करा, असं म्हणावंसं वाटतं. इथे मराठी माणसाने थोडं थांबायला हवं, कारण याचा अनुभव आपण घेतला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि रँडच्या माणसांची घरझडती लोकांच्या जिव्हारी लागली होती. शिवराज्याभिषेकाच्या उत्सवात टिळक अफझलखानाच्या वधावर बोलले, आणि १५ जूनच्या केसरीत त्याचा वृत्तान्त आला. घरात चोर शिरले आणि त्यांना हाकलायला मनगटात बळ नसेल तर बेलाशक कोंडून जाळावं, असा त्याचा एक आशय होता. त्याच अंकात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली, देशाची दैना पाहून संतापणारी कविता होती. बरोबर सात दिवसांनी, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या.

टूसॉनची घाई आणि इंग्रजी पत्रांची तेव्हाची घाई यांत फरक नाही. लेख आधी, खून नंतर, म्हणून लेखामुळे खून. कटात टिळकांचा हात होता हे सरकारला दाखवता आलं नाही, म्हणून खटला भरला तो राजद्रोहाचा. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावताना ‘अप्रीती’ म्हणजे सरकारविषयी प्रीतीचा अभाव, इतका सैल अर्थ लावला. ज्यूरीतले सहा युरोपीय म्हणाले दोषी, तीन भारतीय म्हणाले निर्दोष. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

टिळकांविषयी मनात आदर असूनही मी म्हणेन, की चोर कोंडून जाळण्याचं ते वाक्य हिंसकच होतं. पण ते बोलणाऱ्याकडे सत्ता नव्हती. ज्यांच्याविषयी ते होतं त्यांच्याकडे पोलीस, लष्कर, तुरुंग, सगळं होतं. रूपक कोणत्या दिशेला जातं याला फार मोठा अर्थ आहे. साम्राज्याला चोर म्हणणं आणि बहुसंख्यांच्या टीव्हीवरून मूठभर शेजाऱ्यांना वाळवी म्हणणं, या दोन्हींना एकाच कलमात बसवणारा कायदा शेवटी ज्याच्या हातात सत्ता त्याच्याच कामी येतो. ज्यूरीतल्या सहा-तीनच्या फाळणीत हेच दिसलं.

म्हणून न्यायालयांनी हळूहळू उंबरठा वर नेला, आणि ते मला योग्य वाटतं. ‘मला जबरदस्तीने रायफल दिली तर पहिला नेम अध्यक्ष जॉन्सनवर धरेन,’ असं एका निदर्शक तरुणाने सभेत म्हटलं, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये ती राजकीय अतिशयोक्ती ठरवून त्याला सोडलं. त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात ठरलं, की तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या हेतूने केलेलं आणि तसं घडण्याची खरी शक्यता असलेलं बोलणंच शिक्षेला पात्र. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये दारूच्या कोठारातल्या ठिणगीची उपमा दिली: बोलणं आणि धोका यांचं नातं तितकं जवळचं आणि थेट हवं. २०१५च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, प्रतिपादन आणि चिथावणी हे तीन टप्पे वेगळे केले, आणि बंदी घालता येते ती चिथावणीच्या टप्प्यावर, असं सांगितलं. आपल्याकडे दोन गटांत वैर पेरण्याविरुद्धचं वेगळं कलम आहेच, पण ते कुणावर लागतं आणि कुणावर लागत नाही हे रोजच्या बातम्यांत दिसतंच.

कायद्याचा उंबरठा इतका वर असल्यामुळे खालची सगळी जागा बोलणाऱ्याच्या विवेकावर सोडलेली आहे. ‘माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही’ हे भाष्यकाराचं उत्तर होऊ शकत नाही. त्या जागेत काय करायचं यासाठी मी स्वतः एक वाक्य हातात घेऊन त्यात कोण आहे ते बघतो. ‘बालेकिल्ल्याला खिंडार पाडलं’ यात पक्ष आहेत, मतं आहेत, माणसाचं शरीर नाही. ‘जनता यांना मतपेटीतून गाडेल’ यात माणसं आली, पण हत्यारही तिथेच सांगितलं आहे, मतपेटी. मला ते आवडत नाही, तरी चालून जाईल. ‘ही कीड आहे, वेळीच ठेचली पाहिजे’ यात मात्र हत्यार सांगितलेलंच नाही. ते ऐकणाऱ्याने आपापल्या परीने शोधायचं आहे. समोरचा माणूस राहिलेला नाही आणि ‘वेळीच’ या शब्दाने घाईही केली आहे. त्या वाक्याबरोबर एखाद्याचं नाव, फोटो, घराचा किंवा ऑफिसचा पत्ता पडद्यावर आला, तर ते रूपक राहतच नाही.

जुलै २०२४मध्ये जो बायडेन देणगीदारांशी बोलताना म्हणाले, की आता ट्रम्प यांना नेमबाजीच्या लक्ष्यावर ठेवायला हवं. पाच दिवसांनी पेनसिल्व्हेनियातल्या बटलर इथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला. हल्लेखोराने ते वाक्य ऐकलं होतं असं काही पुढे आलं नाही. तरीही दोन दिवसांनी मुलाखतीत बायडेन यांनी तो शब्द वापरणं चूक होती हे मान्य केलं. दुवा सिद्ध होण्याची वाट पाहिली नाही, याचं मला महत्त्व वाटतं.

टीव्हीवर ही गोष्ट अधिक कठीण आहे, कारण थेट प्रक्षेपणात समोरचा पाहुणा काय बोलेल हे आपल्या हातात नसतं. पण पुढचे दहा सेकंद निवेदकाच्या हातात असतात. २०२२मध्ये द्वेषपूर्ण भाषणांच्या सुनावणीत न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांनी निवेदकाची भूमिका फार महत्त्वाची असल्याचं म्हटलं, ते याच दहा सेकंदांबद्दल आहे असं मी समजतो. ‘थांबा, तुम्ही माणसांबद्दल बोलताय. काय करायचं म्हणताय ते साध्या शब्दांत सांगा,’ इतकं म्हटलं तरी पुष्कळ होतं. साधे शब्द वापरायला लावले की बहुतेक पाहुणे मागे सरतात, कारण ‘ठेचा’चा साधा अर्थ कॅमेऱ्यासमोर उच्चारायची त्यांची तयारी नसते. आणि कुठे हल्ला झाला तर पहिल्या तासात विरोधी पक्षाच्या भाषेवर खापर फोडणं टाळणं, हाही त्याच जबाबदारीचा भाग. टाइम्सचं अग्रलेख मंडळ हिंसक भाषेविरुद्धच लिहीत होतं आणि तिथेच घसरलं.

चर्चेत जे बोललं गेलं त्याच्यापेक्षा जास्त लोक आता चर्चेचा तुकडा पाहतात. त्या तुकड्यावर ‘धुलाई’, ‘चिरफाड’, ‘जिवंत गाडलं’ असे शब्द मोठ्या लाल अक्षरांत टाकले जातात. पुष्कळदा चर्चेत तसं कुणी काही म्हटलेलंही नसतं. ते शब्द लिहिणारी मुलं डिजिटल डेस्कवर सगळ्यात कमी पगारावर असतात, आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्यांना एकच आकडा विचारला जातो: व्ह्यूज किती आले? चुकलं तर नाव त्यांचं पुढे येतं. तो आकडा मागणारा संपादक आणि मालक यांनी शीर्षकावर आपली सही असल्यासारखं ते वाचलं पाहिजे, प्रसिद्ध होण्याआधी, रोज.